मोर्स शिकायचा तर तक्ता बाजूला ठेवा

भारतातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. १४ जुलैला शेवटची तार करायला लोकांनी तारघरांपुढे रांगा लावल्या होत्या. त्याच्या कितीतरी आधी खात्यातला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, संपला होता. त्याची जागा टेलिप्रिंटरने आणि पुढे संगणकाने घेतली होती. समुद्रावरही १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटसंदेशांची नवी यंत्रणा पूर्णपणे लागू झाली, आणि मोर्स येणाऱ्या रेडिओ ऑफिसरची जहाजाला गरज उरली नाही.

तरीही हौशी रेडिओच्या छंदापायी ओळखीतलं कोणीतरी रोज रात्री इयरफोन लावून मोर्सचा सराव करतंय असं कळलं की ऐकणारा बुचकळ्यात पडतो. खिशात फोन असताना ही टकटक कशाला? त्यातून ते शिकणं अवघडच असणार, सव्वीस अक्षरांची टिंबं आणि रेघा घोकायच्या म्हणजे! पहिला प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर पुढे येईलच. घोकण्याबद्दलचा समज मात्र चुकीचा आहे, आणि त्या समजापायी खूप जण सुरुवातीच्या काही आठवड्यांतच मोर्स सोडून देतात.

हौशी रेडिओ म्हणजे नेमकं काय

सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या वायरलेस संचावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं, असा हा छंद. हा छंद करणाऱ्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. त्यावरून धंदा करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत, बातम्या प्रसारित करता येत नाहीत. परवान्यासोबत प्रत्येकाला एक संकेतचिन्ह मिळतं. भारतीय हॅमचं चिन्ह बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतं, त्यामुळे ब्राझीलमध्ये किंवा जपानमध्ये ते ऐकणाऱ्याला संच भारतात आहे हे लगेच समजतं.

ठरावीक लहरींवर हे संदेश आकाशातल्या विद्युतभारित थरावर आदळून परत जमिनीकडे वळतात. म्हणून अंगणात ताणलेल्या साध्या तारेवरूनही हजारो किलोमीटर लांब पोहोचता येतं. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, केबल नाही. सात मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, ज्याला हॅम मंडळी '४० मीटर' म्हणतात, दिवसा जवळपासच्या राज्यांपर्यंत आणि अंधार पडल्यावर खंडाबाहेर नेतो.

या पट्ट्यांवर बोलता येतं, संगणकाने मजकूर पाठवता येतो आणि मोर्सही चालवता येतो. मोर्सला हॅमच्या बोलीत 'सीडब्ल्यू' म्हणतात. एक सलग रेडिओलहर चालू-बंद करून संदेश पाठवायचा, एवढंच त्यामागचं तंत्र.

टिंब, रेघ आणि मधली जागा

सॅम्युएल मोर्स यांनी २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला, ही तारीख शाळेत कधीतरी कानावरून गेलेली असते. आज वापरात आहे तो मोर्स मात्र हुबेहूब त्यांचा नाही. जर्मनीत फ्रीडरिश गेर्के यांनी १८४८ मध्ये त्यात बरेच बदल केले, आणि त्यावर बेतलेली आवृत्ती १८६५ मध्ये आंतरराष्ट्रीय म्हणून ठरली.

या रचनेतली हुशारी अजून टिकून आहे. इंग्रजीत जे अक्षर जास्त वेळा येतं त्याची खूण आखूड. 'ई' म्हणजे एकच टिंब, 'टी' म्हणजे एकच रेघ. 'क्यू', 'जे', 'वाय' यांसारखी क्वचित लागणारी अक्षरं लांब. कोणतं अक्षर किती लागतं याचा अंदाज त्या काळी छापखान्यातल्या खिळ्यांच्या साठ्यावरून घेतला गेला. 'ई'चे खिळे कप्प्यात सगळ्यात जास्त असत.

मोर्स म्हणजे टिंब आणि रेघ असं आपण म्हणतो, पण त्यातली शांतता तेवढीच महत्त्वाची आहे. टिंबाची लांबी एक मात्रा धरली तर रेघ तीन मात्रांची. एका अक्षराच्या आतल्या दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. हे प्रमाण सांभाळलं की संदेश समजतो. ते ढळलं की खुणा बरोबर असूनही ऐकणारा गोंधळतो. वेग मोजायला 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात, कारण इंग्रजी पाच अक्षरं आणि शेवटची जागा धरून तो नेमक्या पन्नास मात्रांचा होतो. मिनिटाला वीस शब्द म्हणजे मिनिटाला वीस वेळा 'पॅरिस'. त्या वेगात एक टिंब सेकंदाच्या सोळाव्या हिश्श्याएवढंच टिकतं, जेमतेम ६० मिलिसेकंद.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. हॅम 'टिंब-रेघ' असं म्हणत नाहीत. टिंबाला ते 'डि' म्हणतात, अक्षराच्या शेवटी आलं तर 'डिट', रेघेला 'डा'. 'के' हे अक्षर म्हणजे डा-डि-डा. 'आर' म्हणजे डि-डा-डिट. हे दोन्ही जरा मोठ्याने म्हणून पाहा. पुढचं सगळं या उच्चारांवर उभं आहे.

बोलता येतं, मग हे कशाला?

याची काही उत्तरं तांत्रिक आहेत. माणसाचा आवाज रेडिओवरून पाठवायला साधारण अडीच ते तीन हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते. मोर्सला दीडशे हर्ट्झच्या आसपास पुरते. रिसीव्हर जेवढी रुंद जागा ऐकतो तेवढा त्या जागेतला गोंगाटही आत घेतो. अडीच हजारांऐवजी अडीचशे हर्ट्झचीच फट उघडी ठेवली तर गोंगाट दहावा हिस्सा उरतो, आणि पाठवणाऱ्याची सगळी ताकद त्या फटीतून येते. म्हणून जिथे आवाजात एक शब्दही कळत नाही तिथे मोर्सची शीळ स्पष्ट ऐकू येते. पाच वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर देशोदेशी गाठी घालणाऱ्यांचा हॅममध्ये एक मोठा गट आहे, आणि त्यातले बहुतेक मोर्स वापरतात.

दुसरं कारण म्हणजे संच साधा असतो. आवाज पाठवायचा तर तो लहरीवर चढवावा लागतो, त्यासाठी बरेच सुटे भाग लागतात. मोर्सला एक स्थिर लहर तयार करणारा भाग, ती थोडी वाढवणारा भाग, नको त्या लहरी गाळणारा भाग आणि लहर चालू-बंद करणारी एक कळ, म्हणजे 'की', एवढं पुरतं. सोल्डरिंग येणाऱ्या कॉलेजच्या मुलाला असा छोटा ट्रान्समीटर सुटीत उभा करता येतो. स्वतः जोडलेल्या डबीतून निघालेला संदेश श्रीलंकेत किंवा थायलंडमध्ये कोणी ऐकला, हा आनंद विकतच्या संचात नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मान्य करायला हवा. अशक्त सिग्नल पकडण्यात मोर्स आज पहिल्या नंबरवर नाही. स्टीव्हन फ्रँकी आणि १९९३ चे नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २०१७ मध्ये एफटी-८ नावाची संगणकी पद्धत आणली. कानाला जिथे निव्वळ खरखर ऐकू येते तिथूनही ती संदेश वेचून काढते. पण त्यात संगणक संगणकाशी बोलतो. माणूस पडद्यावर ओळी उमटताना बघतो. मोर्समध्ये दोन्ही टोकांना माणूस असतो. नुसत्या कानाने आणि हाताने चालणारी यापेक्षा काटकसरीची दुसरी पद्धत मला माहीत नाही.

तक्ता पाठ केला की काय बिघडतं

नवशिका सहसा इंटरनेटवरून मोर्सचा तक्ता उतरवून घेतो. ए टिंब-रेघ, बी रेघ-तीन टिंबं, अशा ओळी पाठ करतो. चार-सहा दिवसांत सव्वीसही अक्षरं म्हणून दाखवता येतात आणि मोर्स आला असं वाटतं. मग तो खरा सिग्नल लावतो आणि एकही अक्षर कळत नाही.

कारण सोपं आहे. त्याने डोळ्यांसाठी चित्रं पाठ केली आणि काम पडलं कानाशी. आता आवाज आला की आधी तो खुणा मोजतो, त्यांचं मनात चित्र करतो, ते चित्र तक्त्यात शोधतो आणि मग अक्षर उचलतो. एवढं होईपर्यंत पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात. मिनिटाला पाच-सहा शब्दांपर्यंत ही कसरत जमते. दहाच्या आसपास ती कोलमडते, आणि कितीही मेहनत घेतली तरी वेग वाढत नाही. माणसाला वाटतं आपल्यात काही कमी आहे. कमी काहीच नसतं. सवय चुकीची लागलेली असते आणि ती मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तबला शिकणाऱ्याला हे लगेच पटेल. 'तिरकिट' हा बोल चार आघातांचा आहे, पण ऐकताना कोणी ति, र, कि, ट असे चार मोजत नाही. अख्खा 'तिरकिट' एकदम कानात शिरतो आणि ओळखला जातो. मोर्सचं प्रत्येक अक्षर असा एक बोल आहे. आणि पुढचं पाहा: संथ लयीत वाजवताना दोन बोलांमधली जागा वाढवली आणि तिरकिट मात्र ताणला नाही, तर त्याचे चार वेगळे ठोके होत नाहीत. तो आपल्या वेगात वाजतो. जागा त्याच्या आजूबाजूला मिळते. लय संथ केली तरी बोलाचा आकार मोडायचा नाही, हे मोर्स शिकण्याचंही मूळ सूत्र आहे.

पूर्ण वेगात दोन अक्षरं

हे सूत्र वापरणाऱ्या दोन पद्धती आज जगभर चालतात. पहिली लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, १९३० च्या दशकातली. त्यात पहिल्या दिवशी फक्त दोन अक्षरं घ्यायची, पण ती ठरवलेल्या पूर्ण वेगात. आजच्या बहुतेक सराव-प्रणाली 'के' आणि 'एम' पासून सुरू करतात. डा-डि-डा आणि डा-डा, उलटसुलट क्रमाने, काही मिनिटं. ऐकू आलं तसं कागदावर लिहायचं. शंभरात नव्वद बरोबर येऊ लागले की तिसरं अक्षर घ्यायचं, मग चौथं. नव्वद टक्के येईपर्यंत पुढे जायचं नाही.

दुसरी फार्न्सवर्थ पद्धत. तिच्यात अक्षर वेगात वाजतं, मिनिटाला अठरा-वीस शब्दांच्या हिशोबाने, पण दोन अक्षरांमधली जागा वाढवलेली असते. त्यामुळे सरासरी वेग सात-आठ शब्दांवर येतो. विचार करायला वेळ मिळतो, मोजायला मात्र मिळत नाही. 'एस' म्हणजे डि-डि-डिट. वीसच्या वेगात ते अक्षर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळात संपतं. तेवढ्यात तीन मोजून होत नाहीत, म्हणून कानाला आकार धरावाच लागतो. हेच अक्षर आठच्या वेगात ताणलं तर पाऊण सेकंद चालतं. तिथे मोजण्याचा मोह सुटत नाही, आणि 'एस'ची तीन, 'एच'ची चार आणि पाच आकड्याची पाच टिंबं मोजत बसण्याची खोड लागते.

दोन्ही पद्धती एकत्र वापराव्यात. एलसीडब्ल्यूओ या मोफत संकेतस्थळावर हे सगळं तयार मिळतं, फोनसाठीही अनेक ॲप आहेत. एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटं पुरेत. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं बसणारा पुढे जातो, कारण कान थकला की मेंदू पुन्हा मोजायला लागतो. सराव दिसणाऱ्या खुणांचा मुळीच करू नका. काही ॲपमध्ये आवाजाबरोबर पडद्यावर टिंब-रेघाही चमकतात. ती सोय बंद करा.

सुटलेलं अक्षर सोडून देणं हा सगळ्यात अवघड धडा. एक अक्षर कळलं नाही की मन तिथेच अडकतं आणि पुढची चार जातात. कागदावर एक रेघ ओढायची आणि पुढच्या आवाजाला लागायचं. भरायची जागा नंतर शब्दाच्या संदर्भावरून भरते.

वेग मध्येच का थांबतो

काही आठवडे बरे जातात आणि मग गाडं अडतं. दोन-तीन आठवडे रोज बसूनही वेग जराही हलत नाही. इथे अनेक जण सोडतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

अमेरिकेत इंडियानामध्ये विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या दोघांनी तारमास्तरांच्या शिकण्याचा अभ्यास करून १८९७ आणि १८९९ मध्ये लेख प्रसिद्ध केले. कौशल्य कसं येतं यावरच्या सुरुवातीच्या नावाजलेल्या अभ्यासांपैकी ते आहेत. त्यांना असं दिसलं की पाठवण्याचा वेग नेमाने चढत जातो, पण ऐकून घेण्याचा वेग मध्येच सपाट होतो, बरेच दिवस तसाच राहतो आणि मग पुन्हा चढतो. त्यांनी कारण दिलं ते असं: सुरुवातीला शिकणारा अक्षरं ऐकतो, नंतर शब्द ऐकतो, पुढे वाक्यांचे तुकडे. सपाट काळात अक्षरं इतकी पक्की होत असतात की त्यांच्याकडे लक्ष देण्याची गरज संपावी. ती संपली की मोकळं झालेलं लक्ष शब्दांकडे जातं.

नंतरच्या संशोधकांनी या सपाट पट्ट्याबद्दल वाद घातले आहेत. प्रत्येक शिकणाऱ्यात तो सारखाच दिसतो असं नाही. पण मोर्स शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून तुम्ही हे ऐकाल. त्या दिवसांत नवीन अक्षरं घेऊ नयेत. 'द', 'अँड', 'नेम' असे छोटे, नेहमीचे इंग्रजी शब्द अख्खे ऐकण्याचा सराव करावा, आणि हळूहळू कागद-पेन्सिल सोडून नुसतं डोक्यात ऐकण्याकडे वळावं.

एक गाठभेट, जवळून

प्रत्यक्षात काय बोललं जातं हे पाहिलं की भीती निम्मी होते. संध्याकाळी सातच्या सुमारास ४० मीटरच्या खालच्या टोकाला रिसीव्हर फिरवा. मे महिना असेल तर वळवाच्या विजा कडाडताहेत, दर काही सेकंदांनी कानात खर्रर्र होतं. त्यामागून बारीक शीळ येते: डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा. हे 'सीक्यू', म्हणजे 'कोणी आहे का?' पुन्हा तेच, मग स्वतःचं संकेतचिन्ह, आणि शेवटी डा-डि-डा, 'के', म्हणजे 'आता तुम्ही बोला'.

तुम्ही तुमचं चिन्ह पाठवता. पलीकडून आधी नमस्कार येतो, मग तीन आकडे: सिग्नल किती समजतो, किती जोरकस आहे, सूर किती स्वच्छ आहे. सगळं उत्तम असेल तर ५९९. पण नऊ हा आकडा मोर्समध्ये फार लांब, चार डा आणि एक डिट, म्हणून ठरलेल्या ठिकाणी त्याऐवजी 'एन' पाठवतात आणि ५९९ चं 'पाच-एन-एन' होतं. सतरा मात्रांऐवजी पाचात काम भागतं. त्यानंतर नाव, गाव, अँटेना, हवामान. 'क्यूटीएच' म्हणजे माझं ठिकाण, 'क्यूएसबी' म्हणजे तुमचा आवाज चढउतार करतोय, 'क्यूआरएन' म्हणजे ती विजांची खरखर. जाताना '७३', म्हणजे शुभेच्छा.

आपल्याकडे अभिनंदनाच्या तारेत ठरीव वाक्यांना क्रमांक होते, फॉर्मवर नुसता आकडा लिहिला की पुरे, हे ज्यांना आठवतं त्यांना ७३ ची गंमत कळेल. तोही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन तारमास्तरांच्या अशाच यादीतून आला आहे.

पहिल्या काही गाठभेटी अशा साचेबंद असतात, आणि ते नवशिक्याच्या सोयीचंच आहे. पुढे काय येणार हे माहीत असल्याने कान ते आधीच शोधत असतो. रशियन किंवा जपानी माणसाशी त्याची भाषा न येताही दहा मिनिटं सहज निघतात, कारण ही संक्षेपांची बोली दोघांचीही सारखीच आहे.

हात

पाठवायला साधी की लागते: एक तरफ, खाली दाबली की लहर चालू, सोडली की बंद. कोपर टेबलावर टेकलेलं, हालचाल मनगटातून, बोटं सैल. दुसरा प्रकार पॅडलचा. त्यात दोन पट्ट्या असतात. एक दाबली की डि, दुसरी दाबली की डा, आणि त्यांच्या लांबीचा हिशोब इलेक्ट्रॉनिक मंडल ठेवतं. वेगाला पॅडल बरं, पण सुरुवात साध्या कीवर करावी असं माझं मत आहे. मात्रांचं प्रमाण स्वतः सांभाळावं लागतं, त्यामुळे ते अंगात मुरतं. मात्र ऐकणं बऱ्यापैकी येईपर्यंत की विकतसुद्धा घेऊ नका. हाताला खेळ मिळाला की कानाचा सराव मागे पडतो.

साध्या कीवर प्रत्येकाची ढब वेगळी उमटते. कोणाचा डा किंचित लांब, कोणी 'सी' घाईने गुंडाळतो. जुना ऐकणारा चिन्ह येण्याआधीच माणूस ओळखतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे संदेश टिपणाऱ्यांनी या ढबीवरून कोणता ऑपरेटर कुठून कुठे हलला याचा माग काढला. पण ढब हा पक्का पुरावा नव्हे. टिपू सुलतानाच्या वंशातल्या नूर इनायत खान १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून पॅरिसमध्ये काम करत होत्या. त्या पकडल्या गेल्यावर जर्मनांनी त्यांच्या नावाने संदेश पाठवणं चालू ठेवलं आणि लंडनला बराच काळ फसवलं.

"संगणकाला मोर्स कळतो, मग मी का शिकू?"

कळतो हे खरं. यंत्राने पाठवलेला, स्वच्छ, जोरकस मोर्स संगणक माणसाहून चांगला वाचतो आणि एकाच वेळी डझनावारी सिग्नल वाचतो. जगभर पसरलेलं रिव्हर्स बीकन नेटवर्क यावरच चालतं. तुम्ही 'सीक्यू' पाठवलात की ठिकठिकाणचे रिसीव्हर ते आपोआप वाचून इंटरनेटवर टाकतात, आणि आपले पाच वॅट कुठवर गेले हे मिनिटाभरात दिसतं. नव्या अँटेनाची परीक्षा घ्यायला याहून चांगलं साधन नाही.

पण सिग्नल विरत असेल, दोन स्टेशनं एकमेकांवर चढली असतील, पाठवणाऱ्याच्या मात्रा ढळल्या असतील, तर पडद्यावर निरर्थक अक्षरांचा सडा पडतो. सरावलेला कान दोन शिळांमधली सुरांची फोड करून हवी ती धरतो आणि सुटलेलं संदर्भावरून भरतो. संगणकाची मदत पडताळणीला घ्यावी. शिकताना मात्र ती घेतली की डोळे पडद्यावर जातात आणि कान काम थांबवतो.

"संकटात मोर्सच कामी येतो ना?"

मोर्सच्या प्रेमात असलेले लोक असं म्हणतात खरं, पण ते फुगवून सांगितलेलं आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात, २००१ च्या भूजमध्ये हॅम मदतीला गेले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचं हॅम पथक योगायोगाने अंदमानातच होतं, आणि मुख्य भूमीशी संपर्क ठेवण्यात त्याचा मोठा वाटा होता. पण अशा वेळी माणसांची नावं, औषधांच्या याद्या, रस्त्यांची स्थिती पटापट सांगायची असते. ते काम प्रामुख्याने बोलूनच होतं. बॅटरी संपत आली, सिग्नल फार क्षीण झाला, की मोर्स मागे उभा असतो. त्या वेळी तो येणारा माणूस हाताशी असावा, इतकाच दावा खरा.

आणि अजून एका ठिकाणी तो रोज वाजतो: विमानांना दिशा दाखवणारे जमिनीवरचे रेडिओ-दीप आपली ओळख आजही मोर्सच्या दोन-तीन अक्षरांत सांगतात.

परवाना आणि परीक्षा

२००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हॅमच्या लघुलहरी परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती काढली. अमेरिकेने २००७ मध्ये ती पूर्णपणे उठवली. भारताने मध्यम मार्ग धरला: खालच्या, म्हणजे 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स नाही, वरच्या 'जनरल' श्रेणीला मिनिटाला आठ शब्द ऐकून लिहिणं आणि पाठवणं. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते, वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्याला बसता येतं, अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर होतो. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी तिथला ताजा मजकूर वाचावा.

मिनिटाला आठ शब्द म्हणजे चाळीस अक्षरं. फार्न्सवर्थ पद्धतीने शिकलेल्याला इथे एक अडचण येते: परीक्षेत अक्षरच ताणून वाजवलं तर ओळखीचा आकार अनोळखी वाटतो. म्हणून परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे खास त्या संथ मोर्सचा सराव करावा, आणि परीक्षा झाली की तो सोडून पुन्हा वेगाकडे यावं.

खर्चाचं म्हणाल तर शिकायला फोन आणि इयरफोन पुरतो. कीला छोटा बझर जोडून घरात सराव करायला परवाना लागत नाही, कारण त्यातून रेडिओलहर बाहेर जात नाही. खरा बँड, म्हणजे हॅमच्या लहरींचा पट्टा, ऐकायचा तर नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठातला रिसीव्हर ब्राउझरमधून कोणालाही फिरवता येतो. पुढे संच हवा झाला तर हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेले बिटएक्स घराण्यातले संच जगभरचे हौशी लोक स्वतः जोडतात. त्यांच्या जोडणीची माहिती खुली आहे. परवान्याशिवाय बँडवर संदेश पाठवणं मात्र गुन्हा आहे. गंमत म्हणूनही की दाबू नये.

"माझं वय झालं" आणि "सगळे ऐकतील"

निवृत्तीनंतर मोर्स शिकलेले हॅम भरपूर भेटतील. साठीनंतर उंच पट्टीचा आवाज कमी ऐकू येतो, पण मोर्सचा सूर रिसीव्हरच ठरवतो. तो बहुतेक जण सहाशे-सातशे हर्ट्झवर ठेवतात आणि हवा तर आणखी खाली घेता येतो. शिकण्याचा वेग विशीतल्या मुलाएवढा नसेल. रोज बसण्याची सवड मात्र निवृत्त माणसालाच जास्त असते.

राहिली भीती पहिल्यांदा बँडवर जाण्याची. हात थरथरतो, स्वतःचंच चिन्ह चुकतं, हे सगळ्यांचं होतं. त्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपण जेवढ्या वेगात ऐकू शकतो तेवढ्याच वेगात पाठवायचं, कारण उत्तर त्याच वेगात येतं. आणि तरीही समोरचा वेगात असेल तर 'क्यूआरएस' पाठवायचं, म्हणजे 'जरा सावकाश'. चाळीसच्या वेगाने पाठवणारा मुरलेला हॅमही ते ऐकून दहावर येतो आणि तुमचं नाव नीट मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारतो.